बेळगाव रस्त्यावरचे ते आवार

आमच्या लहानपणी बेळगावात एखादे मूल फार हट्ट करू लागले, अथवा एखादा मनुष्य चारचौघांपेक्षा निराळे बोलू लागला, की वडीलधारी मंडळी म्हणत, "याला आता धारवाडला धाडायला पाहिजे." वस्तुतः धारवाड म्हणजे विद्येचे गाव, गाण्याचे गाव आणि पेढ्यांचे गाव, परंतु त्या वाक्यातील धारवाड या तिन्हींहून वेगळे होते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी यांच्या वाट्याला जे आले, उत्तरेत आग्रा आणि रांची यांच्या वाट्याला जे आले, तेच आमच्या सीमाभागात धारवाडच्या वाट्याला आले. ग्वाल्हेर आणि बडोदे येथील वाचकांनाही आपापल्या गावचे असे एखादे वाक्य आठवेल. एका इमारतीने साऱ्या गावाचे नाव आपल्याकडे ओढून घ्यावे आणि लोकांनी ते थट्टेसाठी वापरावे, असा हा प्रकार आहे.

पुढे आम्ही शिक्षक झालो, यथाकाल मुख्याध्यापकही झालो. सांगावयास संकोच वाटतो, पण हे वाक्य आम्हीही वर्गात उच्चारले आहे. मुले हसली, आम्हीही हसलो, आणि तास पुढे चालू झाला.

गेली चार वर्षे मात्र दर दोन महिन्यांनी आम्ही स्वतःच धारवाडला जात आहोत. आमच्यासोबत आमच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे एक शिक्षक असतात. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. शाळेत सर्वजण त्यांना मास्तर म्हणत, येथेही तसेच म्हणू. चाळिशीच्या आत-बाहेर असताना मास्तरांना कानात आवाज ऐकू येऊ लागले. आपल्याविरुद्ध काही कट शिजतो आहे असे त्यांना वाटे. धारवाडचे औषध सुरू झाले आणि ते पुन्हा फळ्यापुढे उभे राहिले. नंतरची सारी नोकरी त्यांनी औषधाच्या बळावर, पण कोणाच्या दयेवर नव्हे, अशी पूर्ण केली. आता पत्नी निवर्तली आहे, आणि मुलगी संसार घेऊन दूर राहते.

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही निघतो. शहर मागे पडले की हलग्याजवळ २०१२ साली उभी राहिलेली सुवर्ण विधानसौध दिसते. मग हिरेबागेवाडी, मग एम. के. हुबळीजवळ मलप्रभेचे पात्र. श्रावणात ती दोन्ही काठांनी वाहते, आणि वैशाखात तिच्यातली वाळू मोजून घ्यावी. पुढे कित्तूर. १८२४ साली राणी चन्नम्माने कंपनी सरकारशी जो सामना दिला, त्याची आठवण सांगणारा पडका किल्ला तेथे आहे. तेगूर ओलांडले की हवा किंचित गार होते, कारण मलनाड आणि पठारी मुलूख यांच्या सीमेवर धारवाड वसले आहे. सारा प्रवास ऐंशी किलोमीटरांच्या आतला, पण सरकारी बसने दोन तास सहज जातात.

बसमध्ये मास्तरांना खिडकीची जागा लागते. औषधांच्या परिणामाने त्यांचे हात कापतात आणि चाल थोडी ताठरली आहे. पाहणाऱ्याला हीच वेडाची लक्षणे वाटतात. आजारासाठी घेतलेल्या औषधाची खूण आजाराच्या नावावर जमा होते. शेजारी बसलेले प्रवासी कधी कधी निमित्त काढून उठतात आणि दुसरी जागा धरतात. मास्तर बाहेर पाहत राहतात. ते त्यांना कळत नाही, असा आमचा बरेच दिवस समज होता.

धारवाडचे आमच्या मराठीशी नाते जुने आहे. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी, कन्नड कवी द. रा. बेंद्रे याच गावचे, आणि त्यांच्या घरात बोलली जाई ती मराठी. मराठी कथेला निराळेच वळण देणारे जी. ए. कुलकर्णी यांनी येथेच वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविले. एम. ए. च्या अभ्यासासाठी त्यांच्या कथा वाचत असताना धारवाडविषयी आमच्या मनात एक गूढ आदर निर्माण झाला होता. त्याच गावी बेळगाव रस्त्यावर ते दुसरे आवार आहे, आणि त्याचे वय या दोघांहूनही मोठे आहे.

१८४५ साली, म्हणजे धारवाड मुंबई इलाख्यात असताना, येथे वेड्यांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आश्रय असाच होता. परंतु १८५८ चे आणि पुढे १९१२ चे कायदे पाहिले, तर सरकारला चिंता प्रामुख्याने बाहेरच्या लोकांच्या सुरक्षिततेची होती, आतल्या माणसाच्या सुखाची फारशी नव्हती, असे दिसते. उंच भिंत, फाटक, कुलूप आणि पहारेकरी ही सारी व्यवस्था तुरुंगाची. १९२० च्या सुमारास देशभर अशा संस्थांच्या पाट्या बदलून त्यांना मनोरुग्णालय म्हटले जाऊ लागले, पण पाटी बदलली म्हणून पहारेकऱ्याची नजर बदलत नाही. आज या धारवाडच्या संस्थेचे रूपांतर डिमहान्स या शिक्षणसंस्थेत झाले आहे. तरुण डॉक्टर व परिचारिका येथे शिकतात, आणि बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग असते.

त्या रांगेत गदग, हावेरी, बागलकोट, विजापूर अशा दूरदूरच्या गावांची माणसे असतात. कोणाच्या हाती पितळी डबा, कोणाच्या कडेवर मूल. कन्नड, मराठी, उर्दू कानांवर पडते. येथे आल्यावर प्रथम लक्षात येते ते हे की, वेडा असा कोणी दिसतच नाही. कोणाची झोप गेली आहे, कोणाची भूक गेली आहे, कोणी मुलाला घेऊन आला आहे, तर कोणी स्वतःसाठी. मुंबईच्या लोकलगाडीची वाट पाहणारी माणसे आणि ही माणसे यांत डोळ्यांना फरक करता येत नाही.

पहिल्या खेपेस मास्तरांचा क्रमांक आला तेव्हा खिडकीमागील वयस्क परिचारिका म्हणाली, "बर्री मास्तर, कूड्री." कन्नडमधील तो 'री' म्हणजे आपल्या आदरार्थी बहुवचनाचा भाऊ. या मास्तर, बसा. बाईंनी एवढेच म्हटले, पण मास्तरांनी मान वर केली. आम्ही जन्मभर व्याकरण शिकविले. एकवचन, अनेकवचन आणि आदरार्थी बहुवचन हा पाठ सातवीला किती वेळा घेतला असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी त्या पाठाचा खरा अर्थ आम्हांस समजला, कारण काही आठवड्यांपूर्वीच आम्ही एकेरी वचन ऐकून आलो होतो.

त्याची हकिकत अशी. एका संध्याकाळी मास्तरांच्या शेजाऱ्यांनी आम्हांस बोलावून नेले. मास्तर पोट धरून बसले होते. आम्ही त्यांना एका सर्वसाधारण रुग्णालयात नेले. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण तसे रुग्णालय वाचकांच्याही गावी असेल. प्रथम तेथील मंडळी अगत्याने बोलत होती. "आजोबा, केव्हापासून दुखते आहे?" असे एकाने विचारले. मग फाइल उघडली, धारवाडच्या गोळ्यांचा कागद निघाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत क्रियापदे बदलली. "मेंटल केस आहे," असे एकाने दुसऱ्यास सांगितले. मग मास्तरांना प्रश्न आला, "काय रे, खरंच दुखतंय का कानात कुणी सांगितलंय?" दोघे-तिघे हसले. त्यानंतर मास्तरांना कोणी काही विचारलेच नाही. जे विचारायचे ते आम्हांस विचारले, आणि तेही मास्तरांच्या डोक्यावरून. पोटाला हात न लावता एक इंजेक्शन देऊन त्यांना बाहेरच्या बाकावर निजविले.

रात्री मास्तर आम्हांस म्हणाले, "सर, खरंच दुखतं आहे हो."

आम्ही म्हणालो, "झोपा मास्तर. सकाळी बरं वाटेल."

सकाळी ताप चढला. पाळीवर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि धावपळ सुरू झाली. आंत्रपुच्छ रात्रीच केव्हातरी फुटले होते. मास्तर वाचले, पण तीन आठवडे त्यांनी अंथरुणावर काढले. त्या रुग्णालयातील लोकांविषयी आम्हांस राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. परंतु त्या बाकाजवळ आम्हीही होतो. पंचवीस वर्षे ज्यांच्याशेजारी आम्ही डबा खाल्ला, त्यांच्या शब्दापेक्षा फाइलीतील कागदावर आमचा अधिक विश्वास बसला. मास्तरांना धारवाडला पोहोचविण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले ते यामुळे. त्याला परोपकार म्हणू नये, ती परतफेड आहे.

पुढे वाचन केले तेव्हा समजले की, हे एका रुग्णालयाचे किंवा एका रात्रीचे पाप नाही. मनोरुग्णाने छातीत दुखते म्हटले, धाप लागते म्हटले, की ते मनाचे खेळ समजून बाजूस सारावे, ही सवय देशोदेशींच्या वैद्यकीय क्षेत्रात अभ्यासकांनी नोंदली आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांच्या मानाने दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातील पुष्कळसे मृत्यू हृदयविकारासारख्या शरीराच्या आणि टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. आपल्या देशात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असे दिसले. याला अंतर, पैसा, डॉक्टरांची टंचाई अशी कारणे आहेतच. पण खिडकीपाशी आपले हसे होईल या भीतीने जो घरीच राहतो, त्याची मोजदाद कोण करणार?

आम्ही एकदा त्या वयस्क परिचारिकेस विचारले की, शिकल्यासवरलेल्या, एरवी चांगल्या मनाच्या माणसांचे या एकाच आजारापुढे असे का होते? बाईंचे मराठी मोडके, पण विचार सरळ. त्या म्हणाल्या, "सर, मोठ्या दवाखान्यातल्या लोकांना आमचे पेशंट कधी दिसतात? पोलीस घेऊन येतात तेव्हा, नाहीतर दोरीनं बांधून आणतात तेव्हा. बरा होऊन बाजारात भाजी विकायला बसलेला पेशंट त्यांना कुठं दिसतो? तो आम्हाला दिसतो."

मग हसून म्हणाल्या, "आणि आम्हालाही लोक कुठं सोडतात? लग्नाकार्यात भाच्या विचारतात, मामी, ते तुम्हाला चावत नाहीत ना?"

नोकरीच्या पहिल्या वर्षी आपणही पेशंटवर ओरडत असू, हे त्यांनी लपविले नाही. भीती वाटे म्हणून ओरडत असू, असे त्या म्हणाल्या. एका जुन्या वॉर्डबॉयने त्यांना चार गोष्टी शिकविल्या. उभे राहून बोलू नये, समोर बसून बोलावे. आधी आपले नाव सांगावे. अंगाला हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे. आणि पेशंटसमोर त्याच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलू नये. एवढ्याने अर्धी भांडणे थांबली, असे बाईंचे सांगणे. वैद्यकीय शिक्षणात मनोविकारांच्या वाट्याला दिवस थोडे येतात, आणि पाठ्यपुस्तकात या चार गोष्टींना किती ओळी मिळत असतील ते सहज ताडता येते. शिवाय एकेका परिचारिकेवर रुग्णांचा भार इतका असतो की, समोर बसावयास सवड कोठून काढावी, हाही प्रश्न आहेच. रागाच्या भरात आम्ही ही बाजू विसरलो होतो.

वॉर्डबॉयने शिकवावे आणि परिचारिकेने शिकावे, यात नवल काही नाही. या शास्त्राचा इतिहासच तसा आहे. पॅरिसमध्ये वेड्यांच्या बेड्या पिनेल या डॉक्टराने तोडल्या, असे आपण वाचतो, आणि त्याची चित्रेही प्रसिद्ध आहेत. प्रत्यक्षात बिसेत्र येथील रुग्णांच्या बेड्या १७९७ साली काढल्या त्या प्यूसँ नावाच्या तेथील देखरेख करणाऱ्याने. तो डॉक्टर नव्हता. तो स्वतः त्याच रुग्णालयात एका शारीरिक दुखण्यासाठी रुग्ण म्हणून राहिलेला होता. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारातच तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तेथे राहावयास बोलाविले. आईच्या हातची भाकरी खाणारा रुग्ण लवकर घरी जातो, हे त्यांना दिसले. कर्नाटकाच्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८० नंतर गावोगावच्या साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना या आजारांची ओळख करून देण्याचा प्रयोग झाला, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

याच्या उलट बाजूचीही आठवण ठेवली पाहिजे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे पळता न आल्यामुळे जळून मेली. आज २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. कोणाही रुग्णास साखळीने बांधता येत नाही. सक्तीने डोके भादरता येत नाही. स्वतःचे कपडे घालावयाचे असतील तर गणवेश लादता येत नाही. शरीराच्या रुग्णाला जी वागणूक मिळते, तीच मनाच्या रुग्णाला मिळावी असा हक्क त्यात आहे. घरी कोणाला फार उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हे सारे वाचकांनी जाणून असावे. मात्र 'काय रे' चे 'काय हो' कोणताही कायदा करू शकत नाही.

आता गेल्या खेपेची गोष्ट सांगून हा लेख संपवितो.

या वेळी तपासणीस एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहून विचारले, "झोप कशी लागते?"

आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "झोप बरी आहे. औषधंही वेळेवर घेतात."

बाई आमच्याकडे न पाहता शांतपणे म्हणाल्या, "सर, मी त्यांना विचारलंय."

मुख्याध्यापकास असे ऐकावयाची सवय नसते. आमचे कान तापले. मास्तर बराच वेळ गप्प होते. बाई थांबल्या. रांग बाहेर वाढत होती, तरी त्या थांबल्या. मग मास्तर म्हणाले की, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आणि संध्याकाळची गोळी ते दोन महिने घेत नाहीत, कारण तिने हात फार कापतो, आणि त्यांना पुन्हा चित्र काढावयाचे आहे.

चार वर्षे आम्ही या मनुष्याच्या शेजारी बसून प्रवास केला, आणि यांतील एकही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. आम्ही कधी विचारलेच नव्हते. आम्ही त्यांच्या वतीने उत्तरे देत होतो. हसणाऱ्यांनी त्यांना एकेरीत ढकलले होते. आम्ही आदरार्थी बहुवचन वापरीत होतो खरे, पण त्या वाक्याचा कर्ता आम्हीच होतो.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. गोळी आपल्या मनाने सोडू नये, आजार उलटतो, हे त्यांनी नीट समजावले. एका औषधाचे प्रमाण बदलले, कंपासाठी निराळी गोळी लिहिली, आणि महिन्याने पुन्हा बोलाविले. मग विचारले, "काय काढता? निसर्गचित्र?" मास्तर म्हणाले, "माणसं काढतो. रांगेतली."

परतताना पेढे घेतले. बस तेगूरपर्यंत आली तरी आम्ही दोघेही बोललो नाही. मग मास्तरांनी खिडकीबाहेर पाहतच विचारले, "सर, पुढच्या वेळी मी एकटाच आलो तर?"

नको, प्रकृती, गर्दी, तिकीट, असे सारे आमच्या ओठांपर्यंत आले होते. कित्तूरचा थांबा आला, माणसे चढली-उतरली, बस सुटली, तेव्हा कोठे आम्हांस बोलता आले.

"तुम्ही ठरवा, मास्तर."

त्यांनी पेढ्याचा पुडा उघडला, एक आमच्या हातावर ठेवला, आणि बराच विचार करून म्हणाले, "या तुम्ही. पण बाहेर बसा."